लाल गाडीचे ब्रेक

आई,

त्या सकाळी पेणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रोह्याहून आलेला तो फोन तूच घेतलास. हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. तुझ्या शेजारच्या बोर्डावर बसणाऱ्या मावशींनी सांगितलं, तेही तू गेल्यावर, तुझ्या दहाव्याला. रोह्याची ऑपरेटर म्हणाली, "ताई, रामवाडीत एका घरी निरोप द्यायचाय. त्यांचा फोन कोणी उचलत नाय. भिसे खिंडीच्या उतारावर गाडी झाडावर आदळलीय, लाल, बिनटपाची. चालवणारा जागेवरच गेला." तू विचारलंस, "घर कोणाचं?" तिने सांगितलं ते आपल्याच घराचं आडनाव होतं. मावशी म्हणतात, तू "बरं, देते निरोप" म्हणालीस, समोर लुकलुकणारा दुसरा कोणाचा तरी कॉल जोडून दिलास, हेडफोन काढून टेबलावर ठेवलास आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिलीस. मावशींना वाटलं तुझं डोकं दुखतंय. मी त्या वेळी कॉलेजात होते. तू फाटकाशी येऊन उभी राहिलीस तेव्हा तुझ्या केसांवर हेडफोनच्या पट्टीचा दाब तसाच होता आणि पायात चप्पल नव्हती. एवढंच आठवतं. तू काय शब्द वापरलेस ते आठवत नाही.

बाबा रोह्याला, धाटावच्या कंपनीत फिटर होते. एरवी एसटीने जायचे. ती गाडी त्यांनी कंपनीतून बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. जुनी, विलायती, दोनच माणसांची, जमिनीला चिकटलेली. ती पहिल्यांदा रामवाडीत आली तेव्हा तू ओट्यावर तांदूळ निवडत होतीस आणि सूप हातात तसंच धरून म्हणालीस, "अहो, आपण तिघं हावोत ना घरात? मग ही दोघांची कशाला?" बाबा म्हणाले, "तिसऱ्याला मांडीवर घेऊ." मी कॉलेजात शिकणारी घोडी, मला हसू आवरेना. त्यांनी रविवारचे रविवार मागच्या पडवीत तिच्या खाली आडवं पडून काढले. टॉवेलांना ग्रीसचा वास यायचा, तू कुरकुरायचीस. पण तुला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं, धरमतरच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना मिठागरं आणि समोर खाडी, चुकून कोणी आडवं यायची भीती नाही. गियर टाकताना तुझ्या बांगड्या वाजतात, बाबा शेजारून म्हणतात, "सोड, सोड क्लच, हळू." तू चिडतेस, "तुम्हीच तेवढे ब्रेकवर पाय ठेवून बसता. बैलाला सारखा कासरा ओढल्यासारखं." बाबांची ती सवय होती. उतार दिसला की न्यूट्रल टाकायचं, इंजिनाचा आवाज बंद झाल्यासारखा होतो तो त्यांना आवडायचा, आणि मग पाय ब्रेकवर, उतार संपेपर्यंत.

त्या दिवसांत कंपनीत त्यांचं खातं बंद करून माणसं कमी करणार अशी बोलणी चालली होती. बाबा जेवताना ताटात बघत राहायचे. तुला हे सगळं माहीत आहे, मी माझ्यासाठीच लिहिते आहे.

गाडी रोह्याच्या एका गॅरेजात ओढून नेली होती. दिवसकार्य आटोपल्यावर काका म्हणाले, "वहिनी, भंगारवाल्याला सांगून टाकतो, तुम्ही बघूसुद्धा नका तिच्याकडे." तू म्हणालीस, "मी बघणार." आपण दोघी एसटीने रोह्याला गेलो. गडब मागे पडलं, नागोठणं आलं, खिंड आली, आणि तू खिडकीच्या गजाला धरून त्या झाडाकडे मान वळवून पाहिलंस. बुंध्याची साल निघाली होती, खालचं लाकूड पांढरं दिसत होतं. गॅरेजवाले चाचा वयस्क होते, बाबांना ओळखायचे. गाडीचा डावा मडगार्ड चेपला होता, काच फुटली होती, बाकी सगळं जागच्या जागी. बाबा उघड्या गाडीतून बाहेर फेकले गेले होते. सगळे म्हणत होते ब्रेक फेल झाले. तूही तेच म्हणालीस. चाचांनी चाक जॅकवर उचललं, मला आत बसवून पॅडल दाबायला सांगितलं आणि चाक फिरवून बघितलं. चाक जागचं हललं नाही. चारही चाकं बघितली. ब्रेकचे ड्रम उघडले, आतले घासणारे लायनर बघितले, तेल बघितलं, नळ्या बघितल्या. मग हात पुसत म्हणाले, "वयनी, खोटं कशाला बोलू? ब्रेक चांगलं हाईत. पक्कं धरतात."

तुझा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. फाटकाशी आली होतीस तेव्हाही नाही. ब्रेक चांगले होते म्हणजे ते दाबलेच नव्हते, एवढाच त्याचा अर्थ होत होता.  चाचांनी चहा मागवला, तू घेतलास, पूर्ण प्यालीस, कप विसळून ठेवलास. येताना एसटीत तू खिंडीत डोळे मिटून घेतलेस.

मग पुढचे कितीतरी महिने तू घरात माणसांत नव्हतीस. आमटीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. एक्स्चेंजमधून आलीस की तशीच पडवीत बसायचीस. एक दिवस मात्र उठून म्हणालीस, "चाचांना सांगितलंय मडगार्ड ठोकून काच बसवायला. गाडी चालवायची आहे मला." काका घरी येऊन ओरडले, "लोक काय म्हणतील? नवरा गेला त्या गाडीत!" तू म्हणालीस, "म्हणूनच." मला वाटलं तुझं डोकं फिरलं. खरंच तसं वाटलं, आई.

रोह्याहून आपण गाडी काढली ती उन्हाच्या वेळी. तू पदर कमरेला खोचलेला, डोक्याला रुमाल. चढ चढून खिंडीच्या माथ्यावर आलीस आणि पेणकडे उतरायच्या ऐवजी तिथेच गाडी वळवलीस, तोंड परत रोह्याकडे. इंजिन चालूच. मला म्हणालीस, "उतर."

"का?"

"उतर म्हटलं ना गो. मागून एसटी येईल, तिने ये."

मी उतरले नाही. तू दोनदा सांगितलंस, तिसऱ्यांदा माझ्या दंडावर चापट मारलीस. मी दाराला धरून बसले. शेवटी तू समोर बघितलंस, गाडी न्यूट्रल केलीस आणि पाय ब्रेकवर ठेवलास, हुबेहूब बाबांसारखा. तेव्हा मला कळलं, बाबा उतरले तसाच तोच उतार तू उतरून बघते आहेस.

पहिल्या वळणाला गाडी शहाण्यासारखी हळू झाली. दुसऱ्यालाही. तुझे ओठ घट्ट मिटलेले. गाडी नीट थांबते आहे, हेच तुला सहन होत नव्हतं. मग वास आला, करपलेला, कपड्यावर इस्त्री राहून गेल्यासारखा. पुढच्या वळणाला तू ब्रेक दाबलास आणि गाडी हळू झालीच नाही. तू अजून दाबलास. पॅडल दगडासारखं घट्ट, तू सीटवरून अर्धी उभी राहिलीस, सगळा भार एका पायावर, आणि गाडी पळतच होती. वारा कानात भरला. ते झाड आलं आणि गेलं. तू ओरडलीस, "लागत नाय! लागत नाय गो!" मी हँडब्रेक ओढला, त्याचाही काही उपयोग नाही. तू कसाबसा गियर टाकलास, आतून कर्रर्र आवाज झाला, गाडीला हिसका बसला, आणि मग तू ती रस्त्याच्या कडेला टाकलेल्या खडीच्या ढिगात घातलीस. दगड काचेवर उडाले. मग सगळं बंद.

चाकांतून धूर निघत होता. माझं कपाळ फुटलं होतं, बाबांनंतरही तू काढल्या नव्हत्यास त्या काचेच्या बांगड्यांतली एक फुटून तुझ्या मनगटातून रक्त येत होतं. मला वाटलं तू रडते आहेस. तू हसत होतीस. खडीत बसलीस, साडीला डांबर लागलं, आणि हसता हसता ऊर बडवायला लागलीस. "लागत नव्हते! त्यांनी दाबले होते, लागत नव्हते!" मग माझं डोकं मांडीवर घेऊन तू सांगितलंस की त्या सकाळी तुमचं भांडण झालं होतं. तू बोलून गेलीस, नोकरी जायची वेळ आली आणि हे लाल खेळणं कशाला पाळताय. त्यावर बाबा म्हणाले, "मीच गेलो की सुटाल दोघी." आणि चावी उचलून गेले. एसटीने न जाता गाडीने गेले. इतके महिने ते एक वाक्य तू पोटात घेऊन फिरत होतीस. मी ऐकत होते. रस्त्यावरून ट्रक जात होते, क्लीनर मान बाहेर काढून बघत होते.

एका ट्रकवाल्याने रोह्यात निरोप पोचवला आणि चाचा जीप घेऊन आले. त्यांनी तिथेच चाक उचललं, पॅडल दाबायला लावलं, आणि ब्रेक लागला. पुन्हा दाबला, पुन्हा लागला. चाचा मटकन खाली बसले. "या अल्ला. आता धरतोय." ड्रमवर पाण्याचे थेंब टाकले ते अजून चर्र झाले, मग मघाशी तो किती तापला असेल. "तापला की सोडतो, गार झाला की धरतो. मी गारच बघितला होता वयनी. मी तुम्हाला सांगितलं चांगलं हाय म्हणून." ते तुझ्या पाया पडायला वाकले, तू त्यांचे हात धरलेस. म्हणालीस, "चाचा, आता असे ब्रेक बसवा की ते तापले तरी सोडणार नाहीत. आणि विलायतेहून काही मागवायचं नाही, तेवढी ऐपत नाही माझी."

मग ते काम सुरू झालं. पुढच्या दोन चाकांना डिस्कच्या तबकड्या बसवायच्या, उघड्या, म्हणजे वारा लागून गार होतील. मागे ड्रमच राहू द्यायचे, फक्त लायनर नवीन. डिस्क आणि तिला चिमटा घालणारं कॅलिपर मिळालं एका नव्या छोट्या गाडीचं, ती हायवेवर मागून ठोकली जाऊन भंगारात आली होती, पुढचा भाग कोरा होता. ते आपल्या गाडीला बसेना. चाचांनी पुठ्ठा कापून माप घेतलं आणि धाटावच्या लेथवाल्याकडून जाड लोखंडी पट्ट्या करून आणल्या. पहिल्या चुकल्या, कॅलिपर चाकाला घासायला लागलं. दुसऱ्या बसल्या. तेल दाबणारा सिलिंडरही त्याच भंगारातल्या गाडीचा घेतला, कारण जुना डिस्कला पुरेना. नळ्या मात्र तू नव्याच घ्यायला लावल्यास. "नळीत काटकसर नको," म्हणालीस. शेवटी नळ्यांतली हवा काढायची होती. तू आत बसून पॅडल दाबायचीस, चाचा खालून ओरडायचे, "धरा वयनी! सोडा!" मी बाटलीत बुडबुडे बघत बसलेली. बुडबुडे थांबले तेव्हा चाचांनी वर बघून मान हलवली. जुन्या ड्रमांपैकी एक तू घरी आणलास, घासून स्वयंपाकघरात ठेवलास आणि त्यावर माठ ठेवलास. आलेले पाहुणे बघत राहायचे. तू कोणालाही ते काय आहे ते सांगितलं नाहीस.

त्यानंतर तू त्या गाडीने किती फिरलीस! एक्स्चेंजला जायचीस, बाजारात जायचीस, खिंड उतरून चाचांना दिवाळीचा फराळ देऊन यायचीस. उतारावर मी डोळे मिटले की म्हणायचीस, "उघड. बघ, थांबते." आणि उगाचच थांबवून दाखवायचीस. आणि माथ्यावरून गेलो की दर वेळी मला बोलायचीस. "त्या दिवशी उतर म्हटलं तर उतरली नाहीस. मेली असतीस माझ्याबरोबर. एवढी कसली माया गो तुझी?" मी समोरच्या रस्त्याकडे बघायचे. काका, मावशी, चाचा, सगळ्यांना तू हेच सांगितलंस, पोरीने आईला एकटं सोडलं नाही म्हणून. तू शेवटी आजारी होतीस तेव्हा नर्सलाही सांगितलंस. मी तेव्हाही काही बोलले नाही. आता हे लिहून इथेच ठेवणार आहे, कुठे पाठवायचं म्हटलं तरी पत्ता नाही.

ती माया नव्हती, आई. त्या सकाळी मी मागच्या दारी भांडी घासत होते. बाबांचं ते वाक्य मीही ऐकलं होतं. मलाही बघायचं होतं ब्रेक लागतात की नाही. आणि ते लागले नाहीत तेव्हा, भीती वाटायच्या आधी, क्षणभर मला आनंद झाला होता.