उजवीकडचा वारा

कोचकोर, ९ नोव्हेंबर

लाडक्या एर्मेक,

आमच्या सगळ्यांचे तुला भरभरून आशीर्वाद. बरा आहेस ना? तिथं डोंगरावरच्या चौकीवर मोजे कोरडे असतात ना? आईने विणलेले दोन जोड या पाकिटाबरोबर येताहेत, ते दोस्तांना वाटून मोकळा होऊ नकोस. आई मजेत आहे, दिवसभर लोकर लाटून जाड नमदे करत असते. बाबाही मजेत. मी रजा काढून बिश्केकहून घरी आलेय. कारण विशेष काही नाही, बालवाडीतल्या पोरांनी डोकं उठवलं होतं.

आता मुद्द्याचं, आणि रागावायचं नाही. तुझा लॅपटॉप आम्ही कपाटातून काढलाय.

माहीत आहे, 'हात लावाल तर याद राखा' अशी चिठ्ठी चिकटवून गेला होतास. चिठ्ठी शाबूत आहे, तिला कुणी हात लावलेला नाही. लॅपटॉपला लावला. आणि कुणी, तर बाबांनी.

हो, तुझ्याशी भांडताना याच बाबांनी त्याला 'चुलीत घालायची पेटी' म्हटलं होतं. झालं असं, की तुझा तो ट्रकचा खेळ मी सहज लावून बघत होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पहिल्याच वळणावर ट्रक शेतात घातला. तेवढ्यात मागून आवाज आला, "गिअर चुकला." आणि मग, "आण इकडे." तेव्हापासून रोज चालवताहेत. डाव्या हाताखालच्या चार बटनांवर अख्खा ट्रक चालतो, किती सोय केलीय रे त्या लोकांनी! तक्रारी मात्र ढीगभर. या परदेशातल्या रस्त्यावर गाय आडवी येत नाही, घाटात कुणी हात दाखवत नाही, कडेला घोडीच्या दुधाचं कुमिस विकायला एक बाई नाही, याला काय रस्ता म्हणायचं? पण खेळ सोडवत नाही.

अडचण एकच आहे. चढ लागला की लॅपटॉप तापतो. आधी पंखा घोंघावतो, मग चित्र अडखळतं, मग पडदा काळा आणि खेळ खलास. पुन्हा सुरू व्हायला तो पार निवू द्यावा लागतो. नवल म्हणजे मी बसले तर धड चालतो आणि बाबा बसले की तापतो. काल बाबा म्हणाले, "मालकावर गेलाय. मी जवळ बसलो की याचं डोकं तापतं."

हे म्हणताना ते हसले नाहीत, म्हणून तुला लिहितेय. तू निघालास त्या सकाळी ते फाटकापर्यंत आले नाहीत. अंगणात आपल्या ट्रकच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसून राहिले, जणू काही बिघडलं होतं. तो सल त्यांना आहे. तुलाही आहे, कारण तुझ्या एकाही पत्रात त्यांचं नाव नसतं. मला तुमच्या भांडणात पडायचं नाही. दोघंही एकाच मुशीतले हट्टी. फक्त एवढं सांगते, की खेळ बंद पडला की बाबा भिंतीकडे तोंड करून झोपतात आणि जेवायलाही उठत नाहीत. तो चालत राहिला पाहिजे, एर्मेक. का ते विचारू नकोस, काय करायचं ते नीट, माझ्यासारखीला कळेल असं लिही.

तुझी ताई,
बेगायिम

&nbsp;

कोचकोर, ३० नोव्हेंबर

एर्मेक बाळा,

रसदीच्या गाडीबरोबर पाठवलेलं पत्र मिळालं. लॅपटॉपवर तीन पानं आणि स्वतःबद्दल एक ओळ, ती पण 'ठीक आहे' अशी! जेवायला काय देतात, झोप लागते का, डोंगरावर बर्फ किती, काहीतरी लिहीत जा. आई तुझं पत्र उलटंपालटं करून बघते आणि मला विचारते, यात माझ्या पोराबद्दल कुठं काही आहे का?

तू सांगितलेलं एकेक करून पाहिलं. लॅपटॉपची मागची बाजू विटांवर उचलून ठेवली, म्हणजे खालून हवा खेळेल. आईला विटा उघड्या बघवेनात, तिने त्यांना नमद्याची झबली शिवली. मग चित्राचा दर्जा कमी केला. बाबांनी लगेच विचारलं, "धुकं पडलंय का? डोंगर पुठ्ठ्याचे कशाने झाले?" मग तू म्हणालास तशी चित्रांची गती सेकंदाला साठावर बांधली. फरक पडला, पण इतकाच, की पूर्वी चढाच्या सुरुवातीला बंद पडायचा, आता मध्यावर पडतो.

शेवटी बाजारातल्या ताशबोलोतकडे नेला. त्याने मागचं झाकण उघडलं आणि आतून लोकर उपसली. लोकर! मला म्हणतो, "तुमच्या घरात मेंढ्या लॅपटॉप वापरतात का?" आईच्या कामातले तंतू उडून आत गेले असणार, असं मी म्हटलं. पंखे साफ केले, चिपवरचा जुना वाळलेला लेप खरवडून नवा लावला, आणि माझ्यासमोर तुझा खेळ लावून सगळ्यांत अवघड घाट चढवला. गार राहिला रे, अगदी शहाण्या बाळासारखा. मी आनंदाने घरी आणला, बाबा बसले, अर्धा घाट चढले आणि पुन्हा पडदा काळा.

बाबांनी लॅपटॉप पुढे सरकवला. म्हणाले, "राहू दे. मी आता ट्रक चालवायचा नाही, असंच दिसतंय." आणि जे आडवे झाले ते दुसऱ्या दिवशीही उठले नाहीत. डॉक्टरीणबाई चांगल्याच रागावल्या, असं पडून राहिलात तर आम्ही तरी काय करणार म्हणाल्या. म्हणजे त्या आल्या होत्या आईच्या गुडघ्यासाठी. जाता जाता बोलल्या.

तू विचारलंस, बाबा सगळं उजव्या हाताने करतात, मग खेळ डाव्याने का? थंडीने उजवा जरासा आखडलाय, एवढंच. या वयात व्हायचंच. आणि ट्रक अंगणात का उभा, तर टायर झिजलेत. आणि मी अजून घरी का, तर रजा वाढवून घेतली. तुला प्रश्न फार पडतात. पहाऱ्यावर लक्ष दे.

पण लॅपटॉपचं काहीतरी सांग. ताशबोलोतच्या दुकानात गार आणि आमच्या घरी गरम, असं कोणतं यंत्र करतं? मला आता बाबांचं म्हणणं खरं वाटायला लागलंय. त्यांना तर पक्कंच वाटतंय, की तुझी वस्तू त्यांना जवळ करत नाही.

लवकर लिही. वाट बघतेय.

तुझी ताई,
बेगायिम

&nbsp;

कोचकोर, १९ डिसेंबर

एर्मेक,

हे पत्र बसून वाच. जवळ कुणी चांगला मित्र असेल तर त्याला शेजारी बसव.

आधी लॅपटॉपचं सांगते, कारण दुसरं सगळं त्यातूनच निघालं. तू लिहिलंस, 'बाबा खेळत असतानाच दोन्ही बाजूंच्या फटींपाशी तळहात धरून बघ, वारा येतो का.' मी हेच केलं नव्हतं. मी तपासायची ते बाबा उठल्यावर. परवा ते खेळत असताना डावीकडे हात धरला, गरम झोत आला. उजवीकडे धरला, काही नाही. तिथं आईने घातलेला भरतकामाचा रुमाल होता, तो उचलला. फटीत नमद्याची पट्टी होती, करड्या रंगाची, फटीच्या मापाने कापलेली, आणि कडेने बारीक टाका घातलेला. असा टाका कोचकोरमध्ये एकच बाई घालते.

ती बाई चहा घेऊन दारात उभी होती. चोरी पकडल्यासारखी लाल झाली. मी विचारलं, हे कधीपासून? तर पहिल्या दिवसापासून. बाबा बसले की घालायची, उठले की काढून ठेवायची, यंत्र खराब व्हायला नको म्हणून! ताशबोलोतकडे जाताना अर्थातच पट्टी घरी राहिली होती.

मी म्हटलं, आई, त्याचा श्वास कोंडला ना, म्हणून तापत होता तो. तर ती माझ्यावरच उखडली.

"त्याच्या अंगावरून वारं गेलंय, आणि तुम्ही परत त्याच हातावर वारं सोडता?"

एर्मेक, आता तुला कळलं असेल. बाबांच्या अंगावरून वारं गेलं. तू गेल्यावर थोड्याच दिवसांनी, सप्टेंबरात, दोलोन घाटाच्या पायथ्याशी. माल भरलेला होता. उजवा हात ऐकेना तसा त्यांनी डाव्या हाताने ट्रक कडेला घेतला, ब्रेक ओढला, आणि मगच कलंडले. रस्त्यावरच्या एकाही माणसाला खरचटलं नाही. उजवा पाय आता काठी घेऊन टेकतो, बोलणं सावकाश पण स्पष्ट झालंय. हात मात्र मेल्यासारखा होता. सुई टोचली तरी कळायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात मेंदूत रक्ताची गाठ अडकली. आई म्हणते, घामाघूम अंगाने खिडकी उघडी ठेवून चालवत होता, वारं शिरलं, डॉक्टरीण काय त्या ट्रकमध्ये बसली होती? तेव्हापासून या घरातली एकही खिडकी उघडलेली नाही. लॅपटॉपची फट तेवढी तिच्या नजरेतून कशी सुटणार?

तुला कळवलं नाही, कारण आईने माझ्याकडून भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली होती. दुखण्याचा एक शब्द लिहायचा नाही. तिला भीती होती, तू बंदूक टाकून डोंगर उतरून पळत येशील आणि पुढे जन्मभर पळपुटा म्हणवून घेशील. भाकरीची शपथ मोडायची मला हिंमत झाली नाही. म्हणून मी लॅपटॉपचं लिहीत राहिले. त्याबद्दल लिहू नको असं ती म्हणाली नव्हती. तुझ्याशी खोटं बोलले, टायर काय, गुडघा काय. प्रत्येक ओळीला जीव तुटत होता रे.

आणि 'गिअर चुकला' ही गोष्ट तुला हसण्यावारी लिहिली, ती तशी नव्हती. बाबा इस्पितळातून आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून होते. अवाक्षर बोलायचे नाहीत. डॉक्टरीणबाई ओरडून थकल्या, की बसा, हालचाल करा, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. मी कंटाळून तुझा खेळ लावला, आणि इंजिनाचा आवाज ऐकून ते वळले. 'गिअर चुकला' हे त्यांचं घरी आल्यावरचं पहिलं बोलणं. आता समजलं, तो लॅपटॉप बंद पडू नये म्हणून मी तुझ्या मागे का लागले होते?

परवाचंच पुढे सांगते. आई पट्टी काढू देईना. मी म्हटलं काढणारच. आम्ही दोघी बाबांच्या डोक्यावर भांडत होतो आणि ते मुकाट चालवत होते. शेवटी मी ओढून काढलीच. आई पुटपुटत, डोळे पुसत खाली बसली. बाबांनी घाट चढायला घेतला. मी बघतेय, मध्य गेला, शेवटचं वळण गेलं, पंखा घोंघावतोय पण चित्र अडखळत नाही. माथ्यावर पोचले. तुझ्या लॅपटॉपवर बाबांनी पहिल्यांदा घाट पार केला.

मला वाटलं आता काहीतरी बोलतील. पण त्यांनी ट्रक कडेला घेतला, थांबवला, आणि उजव्या हाताकडे बघत राहिले. तो नेहमीप्रमाणे फटीसमोर ठेवलेला होता.

"गरम," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो, थोडा तापणारच. त्यांनी मान हलवली. "तो नव्हे. हात."

आम्हाला खरं वाटेना. आईला तर मुळीच नाही. ती उठली, बाबांना डोळे मिटायला सांगितलं, आणि आपला तळहात फटीच्या आणि त्यांच्या हाताच्या मध्ये धरला. बाबा म्हणाले, "गेलं." तिने हात काढला. "आलं." पुन्हा धरला. "गेलं." मग ती मधूनच नुसती थांबून राहायची, फसवायला बघायची. ते एकदाही फसले नाहीत. शेवटी तिने दोन्ही हातांनी त्यांचा तो हात धरला आणि अशी रडली, की शेजारची कुंपणावरून विचारायला लागली कोण गेलं म्हणून.

मग तिने स्वतःच भाकरी आणली, मोडली, चहात बुडवून मला खायला लावली. म्हणाली, शपथ पोटात गेली, आता लिही त्याला.

डॉक्टरीणबाई काल येऊन गेल्या. म्हणाल्या, ऊब कळायला लागली हे चांगलं लक्षण आहे. हात पूर्वीसारखा होईल असं त्या म्हणत नाहीत, आणि मीही तुला म्हणणार नाही. ट्रक ते पुन्हा चालवतील का, ठाऊक नाही. पण आता रोज उठून बसतात, आणि आई आपणहून तो हात फटीसमोर नेऊन ठेवते.

तू पळून यायचं नाहीस. साहेबांना सरळ सांगून रजा मिळाली तर ये, नाहीतर नोकरीचे दिवस भरून ताठ मानेने ये. बाबा इथेच आहेत.

आणि त्यांना मी विचारलं, एर्मेकला काय लिहू? लॅपटॉपचे आभार मानतील, भांडणाबद्दल काही बोलतील, असं वाटलं होतं. ते उजवा हात चोळत राहिले. मग म्हणाले, "विचार त्याला, तिथं पहाऱ्यावर हात शेकायला काही असतं का?"

याचं उत्तर मला नको. पाकिटावर बाबांचं नाव घाल.

आता तुझ्यापासून काहीही न लपवणारी,
ताई