मशीन कोणी थांबवायची?

४ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

लाँड्रीत सोमवारी जे झालं ते क्रमाने लिहिते.

१. सकाळी बॉयलर नीट तापत नव्हता. बॉयलरवाल्याच्या ते लगेच लक्षात आलं. त्याने सुपरवायझरना सांगितलं.
२. मशीन थांबवायला तुमची परवानगी लागते. म्हणून सुपरवायझरनी ताईच्या घरी, तुम्ही विश्रांतीला आहात तिथे, फोन लावला.
३. फोन काकूने उचलला आणि विचारलं, सगळं ठीक ना. सुपरवायझर हो म्हणाले आणि फोन ठेवला.
४. मशीन चालू राहिल्या. चादरी पांढऱ्याशुभ्र निघाल्या, पण जंतू मरण्याइतकं पाणी तापलंच नव्हतं.
५. गाडी हॉस्पिटलला गेली. मी आल्यावर तापमान पाहिलं आणि सगळा माल परत मागवला. त्यांना त्या दिवशीची ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. कोणाला अपाय झाला नाही.

बॉयलरचा वॉल्व्ह बदलला. तो सोपा भाग. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय बदलणार, हे हॉस्पिटलला २५ तारखेला लेखी हवं आहे. पटलं नाही तर ते दुसरी लाँड्री बघतील. आपलं निम्म्याहून जास्त काम त्यांचं आहे.

सुपरवायझरना विचारलं, खोटं का बोललात. ते म्हणाले, काकू इतक्या मायेने विचारतात की नाही म्हणायला जीभ रेटत नाही. तुमच्या ऑपरेशननंतर काकूने सगळ्यांना बजावलं होतं, यांच्या कानावर फक्त चांगलं घाला. म्हणजे ठरवायचं सगळं तुम्ही आणि कळू द्यायचं नाही तेही तुम्हालाच.

पत्र वाचायला हरकत नाही, हे मी डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. तब्येत सांभाळावी, माया आहे तशी ठेवावी.

तुमची पुतणी


७ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं नेहमीसारखं मोजूनमापून लिहिलेलं पत्र वाचून बरं वाटलं. दचकू नकोस. इतके दिवस सगळं ठीक, सगळं ठीक ऐकून मला वाटायला लागलं होतं की लाँड्रीला टाळं लागलंय आणि तुम्ही सगळे मिळून ते लपवताय.

काकूला पत्र वाचून दाखवलं. ती आधी माझ्यावर चिडली, मग तुझ्यावर, मग सुपरवायझरवर. एवढा मोठा बाप्या माझ्या आवाजाला घाबरतो हे मला काय माहीत, म्हणाली. संध्याकाळी मात्र फोन स्वतःच माझ्या उशाशी आणून ठेवला.

तेव्हा हॉस्पिटलला कळव, प्रश्न मिटला. यापुढे काहीही खुट्ट झालं की थेट मला फोन करायचा, रात्री-अपरात्रीसुद्धा. मी आहे. तू वेळेवर जेवत जा. ताई म्हणते, फोटोत वाळून गेलेली दिसतेस.

तुझा काका


११ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

जेवते आहे. फोटो जुना आहे.

फोन उशाशी ठेवल्याने प्रश्न मिटत नाही. तुम्ही तपासणीला गेलात किंवा औषधाने झोपलात की आपण पुन्हा तिथेच. म्हणून मी सूचना लावली की काही बिघडलेलं दिसलं तर कोणीही मशीन थांबवावी, विचारायची गरज नाही. मग न सांगता एका मशीनचं पाणी मुद्दाम थंड ठेवलं. तो माल बाहेर जाणार नव्हता. मी आडून बघत होते.

चौघांनी तापमानाचा काटा पाहिला. चौघेही माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभे राहिले.

कारण चहाच्या वेळी कळलं. पूर्वी बॉयलरवाल्याने एकदा मशीन थांबवली होती आणि बिघाड काहीच नव्हता. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत म्हणे, लाँड्री तुझ्या आजोबांनी काढली का. अजून तुमच्या आवाजात नक्कल करून सगळे हसतात. तोही हसतो. पण त्यानंतर बटणाला कोणी हात लावलेला नाही. माझ्या सूचनेपेक्षा तुमचं ते वाक्य जुनं आहे आणि पाठही आहे.

राग मानू नये, मायेत उणं येऊ देऊ नये.

तुमची पुतणी


१४ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

असं बोललो असेन. मला आठवत नाही, आणि त्याला आठवतं, हे काही बरं नाही.

पण एक सांग. ही लाँड्री मी एका टबावर सुरू केली. आता जो तो मशीन थांबवणार, कोणी मला विचारणार नाही. मग मी कशाला? घरी बसून चादरींच्या घड्या घालू? काकू म्हणते, त्याही तुम्हाला नीट जमत नाहीत.

तुझा काका


१७ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

कशाला, ते सांगते. मशीन थांबल्यावर पुढे काय करायचं, गिऱ्हाइकाला कसं सांभाळायचं, बॉयलर नवा घ्यायचा की नाही, हे ठरवायला. ते मला अजून जमत नाही.

आणखी एक काम फक्त तुमचंच आहे. काल इस्त्रीवाल्या मावशींनी मशीन थांबवली. पाणी व्यवस्थित तापलेलं होतं. चष्मा नसल्याने काटा चुकीचा वाचला होता. काम खोळंबलं. मी सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले आणि पुढच्या वेळीही थांबवा म्हटलं. त्या म्हणाल्या, तुझं ठीक आहे गं पोरी, काका आले की बघू. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून ते मला ओळखतात. भितात तुमच्या आवाजाला. तेव्हा चुकून थांबवणाऱ्यालाही शाबासकी द्यायची, तर ती त्याच आवाजात यायला हवी.

हॉस्पिटलच्या उत्तरात मी एकच ओळ लिहिली आहे: आमच्याकडे कोणीही मशीन थांबवू शकतो आणि चुकून थांबवली तरी मालक बोलत नाहीत. खाली सही तुमची लागेल. ती ओळ खरी असेल तरच सही करा. नसेल तर दुसरी लाँड्री बघा असं मी त्यांना स्वतः कळवेन, कारण त्या चादरींवर आजारी माणसं झोपतात.

इकडे सगळे मजेत आहेत. नवा वॉल्व्ह उत्तम चालतो. काकूला नमस्कार. आजवर दिलीत तशीच माया यापुढेही द्यावी.

सही करणार की नाही, ते कृपया २३ तारखेपर्यंत कळवावं.

तुमची पुतणी