वरच्या वस्तीची ओळ

बाबा, कंपनीच्या माणसानं मागच्या आठवड्यात नेमकं तुमच्यासारखं केलं, आणि मला अजून त्याची किळस जात नाही. तुमच्या वेळी गावाचं पाणी तुमच्या हातातल्या लोखंडी चावीवर चालायचं. आता पंपहाऊसमध्ये एक कॉम्प्युटर आहे. कोणत्या भागाच्या पाइपवरचा वॉल किती वेळ उघडा ठेवायचा, ते त्यातल्या एका सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि ती फाइल मी सांभाळते. हो, तुमचीच जागा. फक्त माझे हात चिखलात जात नाहीत.

त्या कॉम्प्युटरला मधूनमधून अपडेट येतं, म्हणजे कंपनी त्याच्या आतला कारभार नवा करून देते. त्या वेळी तो एक साधा प्रश्न विचारतो: तुमच्या गावची जुनी फाइल ठेवू, की आमची नवी घालू? मी त्या दिवशी वाशीमला मीटिंगला गेलेली. अकोल्याहून आलेला तो माणूस मोबाइल कानाला लावूनच बसला होता म्हणे. प्रश्न न वाचता त्यानं ‘नवी’ दाबलं, चहा प्याला आणि गेला. नव्या फाइलमध्ये सगळ्या वॉलना सारखा वेळ. विहारामागच्या चढावर, आपल्या वस्तीला, मी जो जास्तीचा वेळ लिहून ठेवला होता, तो गेला. चढावरचा पाइप भरेपर्यंतच निम्मा वेळ संपतो, हे त्या कंपनीला कुठून ठाऊक असणार? पाण्याची पाळी आली तसा शेजारच्या काकूंचा फोन. “पोरी, नळाले नुसती हवा येऊन राह्यली व. आता चार दिवस आमी काय प्यावं?” मी त्या माणसाला फोन लावला. तो म्हणतो, “मॅडम, सगळ्याईले सारखाच टाइम देल्ला न. मंग प्रॉब्लेम काय हाय?” ग्रामसेवकही तेच म्हणाले, वर हसले. सारखं आहे म्हटलं की यांना हात झटकायला मोकळीक. मला ओकारी येते त्या शब्दाची, बाबा, आणि ती पहिल्यांदा तुमच्यामुळे आली.

उन्हाळा आहे. मी चौथी-पाचवीत असेन. तुम्ही पाणी सोडून घरी येता, कोपरापर्यंत चिखल, आणि हात धुवायला पाणी मागता. आई चुलीपासून उठते आणि पाणी भरायचा पितळी गुंड, रिकामा, तुमच्यासमोर उपडा धरते. थेंबही पडत नाही. “घ्या. सारखं वाटलेलं पाणी.” तुम्ही खाली बघत म्हणता, “लोक म्हणतीन, हा आपल्या वस्तीले जास्त सोडते. नोकरी जाईन माही.” “लोकाईच्या घरी पाणी हाये,” आई म्हणते आणि गुंड तिथंच आदळते. तुम्ही चिखलाच्या हातांनीच भिंतीला टेकून बसता.

त्याच उन्हाळ्यात मी तुमच्यासोबत वॉलवर आले होते. तुम्ही बंद करायला लागलात तेव्हा मी दोन्ही हातांनी चावी धरली. “अजून थोडं राहू द्या न बाबा, आत्ता कुठं वर चढलं असन.” तुम्ही माझे हात हिसडून काढलेत. “चोरी करायले शिकून राह्यली काय?” आणि संध्याकाळी तुम्हीच खालच्या विहिरीवरून सायकलला डबे लटकवून तो चढ चढलात, आपल्या घरापुरतं पाणी घेऊन. ज्यांच्याकडे सायकल नव्हती त्यांनी काय करायचं, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. गावातली माणसं अजून मला सांगतात, तुझा बाप लई इमानदार होता. मी मान हलवते आणि आतून जळते. आपल्या वस्तीतला माणूस चावीवर बसलेला किती जणांना खुपत होता, हे मला आता कळतं. कळतं, पण पटत नाही. ती भीती होती, बाबा. तिला इमान म्हणायला माझी जीभ वळत नाही.

काकूंना सांगितलं, सकाळी नळापाशी थांबा, सोडते. उजाडताच पंपहाऊसमध्ये जाऊन बसले. नशीब, अपडेट जुनी फाइल फेकून देत नाही, दुसऱ्या नावानं शेजारीच ठेवतं. रागाच्या भरात वाटलं, तीच जशीच्या तशी परत बसवावी. पण नव्या फाइलमध्ये व्होल्टेज पडलं की पंप बंद करणारी एक ओळ होती, आणि आपल्याकडच्या लाइटीचा काय भरवसा, मोटर जळाली तर अख्खं गाव कोरडं. म्हणजे न वाचता नवं घातलं तरी घाण, न वाचता जुनं ठेवलं तरी घाण. दोन्ही फाइली समोरासमोर ठेवून ओळ न ओळ वाचायची, नव्यातलं कामाचं राहू द्यायचं आणि आपल्या गावाला लागतं ते त्यात परत लिहायचं. एवढंच काम आहे. बूड टेकून वाचावं लागतं फक्त, आणि तेवढंही या लोकांच्यानं होत नाही.

अशा फाइलमध्ये ओळीच्या आधी एक खूण केली की मशीन ती ओळ सोडून देतं. हे का केलं, ते मागून येणाऱ्या माणसाला कळावं म्हणून ही सोय. वरच्या वस्तीच्या वेळेच्या डोक्यावर मी तशी एक ओळ लिहून ठेवली होती: ‘बाबा, ही चोरी नाही.’ नव्या फाइलमध्ये तीही नव्हती. तुम्हाला लिहिलेलं आजवर एवढंच, आणि आता हे पत्र, जे टाकायला पेटी नाही.

पाणी चढलं. काकूंनी गुंड भरल्याचा फोन केला, आशीर्वादही दिला. तो घेताना मला कसंसंच झालं. वेळेची ओळ आधी लिहायला हवी होती. काकू तिकडे कोरड्या नळापाशी उभ्या होत्या, आणि मी फाइल उघडून आधी तुमची ओळ लिहीत बसले होते.