पारव्याची पेशी

दिंद्रुड, बुधवार

प्रिय धनी,

‘प्रिय’ लिहिलं म्हणून हसू नका, चुलीपुढं कोळशानं गिरवून घेतलेली तुमचीच अक्षरं हायत ही. आधी एवढं वाचा, मग बाकीचं. वारंट रद्द झालं. मुन्सफसाहेबानं हुकूम वाचला, शिक्का मारला. कैद टळली, गाडी सुटली, पारवा आन खैऱ्या दोन्ही बैल गोठ्यात आले. आता धर्मापुरीत मावशीच्या माळवदावर लपून बसायचं कारण न्हाई. काल मी दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या, सासूबाई बघतच राहिल्या.

तुमी ओढ्यातून निघून गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. लई राग आलता मला. का म्हणून गेलात? पण दवंडी ताजीच होती, तुमच्या जागी मीबी गेलेच असते. सडकेवर मोटारी आल्या आन सरकारनं नवा कायदा काढला. शिपायानं थांब म्हटल्यावर जो पळवील, मोटारवाला असो का गाडीवान, त्याला सहा महिने कैद, वर गाडी-जनावर जप्त. आन नेमका वेशीजवळच्या नाक्यावर शिपायानं शिट्टी फुंकली की आपली गाडी सुसाट! सरकीची पोती रस्त्यात सांडत थेट दारात. बघणाऱ्यानं दुसरं काय म्हणावं? पण मी तुमचे तळहात बघितलते. कासरा ओढून ओढून सालपटं निघालती.

दुसऱ्याच दिवशी शिपाई गाडी आन बैलजोडी घेऊन गेले. पारवा दारातून हलेना, तर शेपटी पिरगाळून नेला मेल्यांनी. मामंजी तीनदा माजलगावच्या कचेरीत जाऊन आले. दर पेशीला, सुनावणीला, साहेबाचं एकच म्हणणं, की ज्याच्या पाठीवर लेकरं खेळतात असला गरीब बैल त्याच दिवशी कसा उधळला? गाडीवानानंच हाणला असणार. मामंजी खाली मान घालून परत यायचे. उत्तर माझ्याजवळ होतं, आन मी गप भाकरी थापत होते. खोटं कशाला सांगू, भ्याले मी.

आता मन घट्ट करून वाचा. आपल्या लग्नाच्या साली पारव्याची माय मेली, तवा शेळीच्या दुधात फडकं बुडवून मी त्याला जगवला, हे तुमाला ठाऊक हाय. पुढचं ठाऊक न्हाई. माहेरी मेंढरं राखताना बंकटदादानं मला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला शिकवलतं. आईला कळलं तर ती उलथनं घेऊन मागं लागलती. बाईनं शिट्टी मारली की घरातली लक्ष्मी जाते म्हणे. सासरी तर बोलायचीच सोय नव्हती. पण तुमी भाड्याला गेलात की मी वासराला ओढ्याकाठी न्यायची, कुणी न्हाई बघून शिट्टी मारायची. असंल तिथून धावत यायचा लबाड, आन मी त्याला गूळ चारायची. एवढा थोरला बैल झाला तरी खोड गेली न्हाई, त्याचीबी आन माझीबी. त्या दिवशी शिपायाची शिट्टी त्याच्या कानावर पडली. त्याला काय माहीत सरकारची कोणती आन माझी कोणती? तो आपला गुळासाठी माझ्याकडं, घराकडं निघाला.

परवा सोमवारी मामंजींच्या पाया पडून सगळं सांगितलं. ते उठले आन कचेरीच्या वाटेला लागले, मी मागं. कचेरीत मी बोलले तर सगळे हसले. शिपाई म्हणाला, नवऱ्याला वाचवायला बाई कायबी सांगंल. साहेब मात्र हसला न्हाई. त्यानं पारव्याला आवाराच्या पार त्या टोकाला नेऊन सोडायला सांगितलं आन मला म्हणाला, बुलाव. पन्नासभर पुरुष! मी तोंडावरून पदर ओढला, मग ध्यानात आलं की पदराआडून शिट्टी वाजत न्हाई. काढला पदर. पहिल्यांदा नुसती फूस झाली. दुसऱ्यांदा अशी वाजली म्हणता! पारवा उड्या मारीत आला, वाटेत कारकुनाचं मेज पाडलं, दौत सांडली, आन माझ्या पदराची गाठ हुंगत उभा राहिला. गूळ होता तिथं. तिथंच रडले मी, शिट्टी मारलेल्या तोंडानं.

घरी आलो. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आत गेल्या, आन गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, “जा, दे त्याला.” बास, एवढंच.

शेजारचा म्हाळू मेंढरं घेऊन तिकडं निघालाय, त्याच्याजवळ हे पत्र देते. सुटल्याचा निरोप त्यानं तोंडीबी दिला असता. पण वाटेत दहाजण तुमाला थांबवून सांगतील की तुमच्या बायकोनं भर कचेरीत डोक्यावरचा पदर काढून शिट्टी मारली. ते तुमाला आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. लाज वाटली तर वाटू द्या, पण घरी या, इथं बसून रागवा. मी पारव्याला घेऊन ओढ्याकाठी उभी राहीन. तुमी पलीकडच्या काठावर दिसलात की शिट्टी मारू का नको, तेवढं म्हाळूजवळ सांगून पाठवा.

तुमचीच,
मनकर्णा