हेडफोनमधली गाठ

मल्लूच्या आप्पांस,

ही डबी तुम्ही उघडली, म्हणजे रेडिओची तार तुटली अन् निजामाची फौज कुठवर हटली ते ऐकायला आलेली मंडळी समद्यांना ऐकू यावं म्हणून परातीत ठेवलेल्या मुक्या हेडफोनकडं बघत बसलीत.

काल त्यांनाच तुम्ही सांगितलं, "तार मीच जोडतो. बायकांचं काम न्हाय ते." मी चहा घेऊन दारातच उभी होते.

हिसडून हेडफोनची तार तुम्ही तोडायची, कथील वितळवून डाख मी द्यायचा. हिसका सांध्यावर येऊ नये म्हणून आत दोऱ्यानं गाठ मारायची अक्कलबी माझीच, घड्याळजीच्या लेकीची. ती गाठ सकाळी म्या सोडली.

शेजारी इरम्माकडं शेंगा फोडत बसलेय. हाक मारली तरी ओ देणार न्हाय. डाख, दोरा समदं डबीत हाय.

जोडा की आता. बायकांचं काम थोडंच हाय!

रुद्रम्मा