शटल कुणाचं होतं

४ मार्च
फिजिओथेरपिस्ट म्हणाली, आता खेळा. नऊ महिन्यांनी! उजव्या गुडघ्यावरचा व्रण दाबून पाहिला, एका पायावर दहा वेळा उठवलं-बसवलं. "बॅडमिंटन चालेल. फक्त हावरटपणा नको." मी हसले.
नणंद बाहेर बाकावर माझी पर्स सांभाळत बसली होती. बातमी ऐकून डोळे तिनेच पुसले.

६ मार्च
पहिला अर्धा तास खेळले. रॅकेट हातात आली आणि इतकं बरं वाटलं की लाज वाटली.
जाताना नणंदेला म्हटलं होतं, चल ना. "नको वहिनी. पुन्हा कुणाच्या तरी अंगावर जाईन."
सासूबाई भाजी निवडत होत्या. "नकोच. एकदा तिचा गुडघा घालवलास, तेवढं पुरे."
पोटच्या पोरीला! मी बूट घालत राहिले. ऐकलंच नाही असं दाखवलं.

९ मार्च
लिहूनच टाकते. इथे तरी.
गेल्या जूनमधला दुहेरीचा उपांत्य सामना, मी आणि नणंद जोडीला, शेवटचा पॉइंट. शटल आमच्या दोघींच्या मधोमध, उंच. मी ओरडले, "तुझं!" ती धावली. आणि मला राहवलं नाही. जिंकणारा फटका माझाच हवा होता. मीही झेपावले. तिचा खांदा, माझा पाय, कटकन आवाज.
सगळे तिच्यावरच तुटून पडले — "वहिनी घेत होती ना, तू मध्ये कशाला आलीस?" तेव्हा मी कळवळत होते, बोलायची शुद्ध नव्हती. हे खरं. पण दुसऱ्या दिवशी? महिन्याने? तिने मला धरून अंघोळीला नेलं, जिना चढवला. मी तिच्या खांद्यावर भार टाकला आणि तोंड शिवून बसले.

११ मार्च
खेळायला गेले नाही. गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. खोटं.

१४ मार्च
टॉवेल ठेवायला नणंदेचं कपाट उघडलं. कपड्यांखाली कानाच्या डॉक्टरचा रिपोर्ट, गेल्या ऑगस्टचा. दोन्ही कान उत्तम. घरात कुणाला पत्ता नाही.
मी तो कागद नेऊन तिच्यासमोर ठेवला. ती इस्त्री करत होती.
"मला तर 'तुझं' असंच ऐकू आलं होतं, वहिनी. पण सगळेच म्हणायला लागले, तू 'माझं' म्हणाली होतीस. वाटलं, माझे कानच गेले असतील."
"कान ठीक आहेत तुझे. मीच म्हणाले होते 'तुझं'. आणि मीच धावले."
तिने इस्त्री उभी केली. बटण बंद केलं. मग म्हणाली, "आईला सांग. माझ्यासमोर."
सांगितलं. जेवताना, नवऱ्यादेखत. सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्या लेकीच्या पाठीवर हात ठेवायला गेल्या, तर ती उठून हात धुवायला गेली.

१८ मार्च
नणंद माझ्याशी बोलत नाही. कोणत्या तोंडाने तक्रार करू?

२३ मार्च
आज ती कोर्टवर आली. मी डावीकडे सरकून तिला जागा केली. ती नेटच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.
बाकी सगळे मला जपून खेळवतात. तिने पहिल्याच संधीला सणसणीत स्मॅश मारला — थेट उजव्या गुडघ्याच्या रोखाने. आमचे कोच सर म्हणाले, "अगं, जरा हळू!"
"का?" ती म्हणाली.