आकड्यांवर चालणारा बाण

मेहकर,
२९ नोव्हेंबर २००१

चि. अनंत यास,

ताईचे आशीर्वाद, घरच्या सगळ्यांनाही. इथे सकाळी स्वेटर लागायला लागलाय. तुझं रागाचं पत्र परवा मिळालं. त्याचं उत्तर शेवटी देते, आधी एक गंमत ऐक. आणि पत्र छापील बघून दचकू नकोस, तू क्लासला दिलेल्या कॉम्प्युटरवरच टाइप केलंय.

दसऱ्याला क्लासमधल्या सहाही टाइपरायटरांची पूजा केली, तेव्हा कॉम्प्युटरलाही मान दिला. पूजा कोकिळाकडे होती. सुलतानपूरच्या उकंडरावांची मुलगी, एसटीने येते, बोटं फार गोड चालतात तिची. या बाईने माउस उलटा करून खालच्या गोळीला हळदकुंकू लावलं नि वर पळीभर पाणी घातलं! विचारलं तर म्हणे, "मॅडम, गोळा दिसला. मले वाटलं, देव थोच." बाण पडद्यावर जागीच बसला, आणि मेकॅनिक यायला चार दिवस.

बिचारी घाबरून कीबोर्डवरचं कुंकू तरी पुसायला बसली. डाव्या हाताने कीबोर्डचा खालचा कोपरा गच्च धरलेला, उजव्या हातात फडकं. एकदम टुंई वाजलं आणि पडद्यावर एक चौकट आली. मी एंटर दाबलं. तिचं फडकं उजवीकडच्या आकड्यांवरून फिरलं, तर बाण चालायला लागला.

मग काय, मला चैन पडेना. दोघींनी दुपारभर तेच केलं. डावीकडचे ऑल्ट आणि शिफ्ट धरून पलीकडचं नम लॉक दाबायचं. मग आठ दाबला की बाण वर, दोनवर खाली, चारवर डावीकडे, सहावर उजवीकडे. कोपऱ्यातल्या आकड्यांनी तिरपा जातो. पाच म्हणजे क्लिक. शून्याने वस्तू पकडायची, टिंबाने सोडायची. आधी मुंगीच्या चालीने निघतो, दाबून धरलं की सुसाट. माउस असताना हा खटाटोप कोणी आणि काऊन करून ठेवला असेल, याचाच मी दोन दिवस विचार करत होते. आपल्यासारखी पूजा तर तिकडे कोणी करत नसेल!

मेकॅनिक आला, गोळी धुऊन गेला. बाण चालू झाला, पण थरथरायचा. मी कोकिळाला चारचौघींत बोलले, तुझ्यामुळेच बिघडलाय म्हणून. तिने गोळी पुन्हा दोनदा पुसली, मग माउस स्वतः धरला. बाण निमूट उभा राहिला. माझ्याकडे दिला की पुन्हा थरथर. मुली गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, मशीन बराबर हाये. तुमचा हात कापून राह्यला."

मला माहीत होतं रे. गणपतीपासून चहाची बशी वाजते माझ्या हातात. मी तिकडे बघायचंच टाळत होते, आणि आळ घेतला त्या पोरीवर. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली.

हे आकडे कोणासाठी केलेत तेही मग कळलं. हात थरथरला तरी बटण दाबता येतं, आणि बाण सरळ जातो. माउस कपाटात ठेवून दिलाय.

आता तुझं पत्र. कॉम्प्युटरवरून आपली बोलाचाली झाली होती, तो राग धरून मी भाऊबीजेला आले नाही, असं तू लिहिलंस. तसं अजिबात नाही. क्लासच्या परीक्षेचं कारण कळवलं, तेही खोटं होतं. तुझ्यासमोर निरांजनाचं ताट धरवलं नसतं मला. तुला दिसलं असतं, आणि क्लासला कुलूप लावायला सांगून तू मला पुण्यालाच ठेवून घेतलं असतंस. याची मला फार भीती वाटते. इथे मी अजून कामाची आहे, अनंत. अकोल्याच्या डॉक्टरांकडे जायला हवं हेही कळतं, पण एकटीने जायचा धीर होत नाही.

तर ये. क्लास बंद कर म्हणणार नसशील तर लवकर ये. तुला ओवाळायचं राहिलंय. ताट एका बाजूने मी धरते, दुसऱ्या बाजूने कोकिळा धरते म्हणालीय.

सगळं टाइप केलं, खालचं नाव मात्र पेनने लिहिते आहे. ते नीट बघ, आणि मगच काय ते ठरव.

तुझी,
शरयूताई